विश्वास कमी पडला म्हणून आजार राहिला? पवित्र शास्त्र असं म्हणत नाही

सोलापुरातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: देवाने आरोग्याचं आणि भरभराटीचं वचन दिलं आहे, ते तोंडाने हक्काने मागा. मनात शंका येऊ देऊ नका. गोळ्या-औषधं चालू ठेवणं हीच शंका. आणि एवढं करूनही मिळालं नाही, तर खोट तुमच्या विश्वासात आहे. खाली आधाराला बायबलमधली वचनं: यिर्मया २९:११, मार्क ११:२४ आणि याकोब १:६.

मी देवाची वचनं खरी मानतो. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो, आणि देव बरं करतो हेही मानतो. म्हणूनच हा संदेश मला सहन होत नाही. आमच्या ओळखीतल्या विड्या वळणाऱ्या एका ताईंनी तो वाचून शुगरच्या गोळ्या सोडल्या. पायाची जखम चिघळली, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझाच विश्वास कमी पडला." त्यांच्या वेदनेवर हा अपराधाचा बोजा कोणी ठेवला?

आधी शंकेचं बघू. याकोबाच्या पत्रातली 'शंका न धरता मागावे' ही ओळ एकटी उचलली आहे. तिच्या लगेच वरची ओळ वाचा: तिथे मागायचं आहे ते ज्ञान, परीक्षा सोसताना लागणारं शहाणपण. आजार जाण्याची हमी तिथे नाही. उलट मार्क ९ मध्ये आजारी मुलाचा बाप येशूसमोर सरळ कबूल करतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." मुलगा बरा झाला. अर्धा विश्वास आणि अर्धी भीती घेऊन आलेल्या त्या बापाला येशूने परत पाठवलं नाही. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास पुरतो असं सांगणारा प्रभू विश्वास तोलायला तराजू घेऊन बसलेला नाही. विडी कारखान्यात पानं-तंबाखू मोजून देतात, तेवढ्या विड्या मोजून घेतात आणि खराब निघालेल्या छाट म्हणून बाजूला काढतात. या संदेशाने देवाला तसाच माल तपासून घेणारा करून टाकलं आहे आणि न बऱ्या झालेल्या माणसांना छाट.

औषधाच्या मुद्द्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. हिज्कीया राजाला देवाने बरं होण्याचं वचन दिलं आणि तरी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिराचं पोटीस लावायला सांगितलं. लूकला पौल 'प्रिय वैद्य' म्हणतो. आपल्याकडचंच सांगायचं तर मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलं, ते विश्वासापोटीच. गोळी घेताना प्रार्थना करता येते. गोळी सोडायला देवाने कुठेही सांगितलेलं नाही.

मार्क ११:२४ मात्र टाळून चालणार नाही. जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा, असं येशू तिथे खरंच म्हणतो. पण त्याच शुभवर्तमानात, तीनच अध्याय पुढे, गेथशेमाने बागेत तोच येशू मागतो की हा प्याला माझ्यापासून दूर कर, आणि लगेच म्हणतो, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. प्याला टळला नाही. येशूचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कोणाची तयारी आहे? पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरे आहे." काटा राहिला. देव ऐकतो, हा भरवसा धरून मागायचं आणि उत्तर त्याच्या हाती सोडायचं. शास्त्रातली मोठी माणसं असंच मागताना दिसतात.

आता यिर्मया. 'तुमच्या हिताचे संकल्प' हे वचन आपल्याकडे कॅलेंडरवर असतं, लग्नपत्रिकेवर असतं. ते मुळात एका पत्रातलं आहे. बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, बंदिवान होऊन गेलेल्या यहूदी लोकांना यिर्मयाने यरुशलेमहून ते पाठवलं. त्याच्या आधीची ओळ सांगते की सत्तर वर्षं पुरी झाल्यावर मी तुमची भेट घेईन. म्हणजे पत्र वाचणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीची वाट दिसणारच नव्हती. त्यांनी काय करावं? घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात नेलं आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. आणि एक अध्याय मागे बघा. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा देवाच्या नावाने लोकांना सांगतो आहे की दोनच वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मया त्याला तोंडावर सांगतो, परमेश्वराने तुला पाठवलेलं नाही, तू या लोकांना लबाडीवर भरवसा ठेवायला लावतोस. संदेशाने यिर्मयाची ओळ घेतली आहे आणि शिकवण हनन्याची दिली आहे.

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या ११व्या अध्यायात विश्वासवीरांची यादी आहे. अब्राहामाला वचन मिळालं तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता, इसहाक झाला तेव्हा शंभर. देश देण्याचं वचन होतं, पण बायको सारेला पुरायला त्याला गुहा विकत घ्यावी लागली. त्याच अध्यायात लिहिलं आहे की ही माणसं विश्वासात मेली, वचनाचं फळ त्यांनी दुरूनच पाहिलं. पंडिता रमाबाईंच्या आधी, १९२१ साली, त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. सोलापूर-पुणे गाडीच्या वाटेवरच्या केडगावात शेकडो निराधार बायकांना देवाच्या भरवशावर सांभाळणाऱ्या त्या बाईला कोणी म्हणावं का, की तुझा विश्वास कमी पडला?

मग वचन कशाचं आहे? मी युगाच्या समाप्तीपर्यंत सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे, याचं. आजार, मरण, यातलं काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही, याचं. हे वचन बरं झालेल्यालाही लागू आहे आणि न झालेल्यालाही.

हा संदेश तुमच्या ग्रुपवर आला असेल तर पुढे पाठवू नका. ज्यांनी तो वाचून औषध थांबवलं असेल, त्यांनी आजच डॉक्टरांना विचारावं. आणि प्रार्थनासभेत कोणी "माझा विश्वास कमी पडला" म्हणत रडत असेल, तर वचनं म्हणून दाखवण्याआधी त्यांना विचारा, दवाखान्यात सोबत कोण येतंय?