१९८१चं नाव काढता, मग 'डिसीट'चंही काढा

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या ब्रिटिश रॉकवर बोलणं निघालं की आपल्याकडे तीच नावं फिरत राहतात. जॉय डिव्हिजन, द क्युअर, फार तर गँग ऑफ फोर. ही मंडळी मलाही प्रिय आहेत. पण धिस हीट या लंडनच्या बँडच्या 'डिसीट' या १९८१च्या अल्बमचा विषय काढला की "ते एक्स्पेरिमेंटल आहे रे, डोक्यावरून जातं" म्हणून लोक पुढे सरकतात, त्याचा मला मनापासून राग येतो. हा अल्बम घाबरलेल्या माणसांनी केलाय. ती भीती कळायला कसलीही पूर्वतयारी लागत नाही.

भीती कसली? १९८० साली ब्रिटिश सरकारने 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' नावाची पुस्तिका विक्रीला काढली. अणुबॉम्ब पडणार असेल तर सामान्य माणसाने काय करायचं, याच्या सूचना होत्या त्यात. घरातली दारं बिजागऱ्यांतून काढून भिंतीला तिरकी लावा, खिडक्यांच्या काचांना पांढरा रंग फासा! अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रं ब्रिटनमध्ये ठेवायचं त्याआधीच ठरलं होतं. त्या दिवसांत चार्ल्स हेवर्ड, चार्ल्स बुलेन आणि गॅरेथ विल्यम्स हे धिस हीटचे तिघं दक्षिण लंडनमध्ये, ब्रिक्स्टनच्या एका जुन्या शीतगृहात संगीत करत होते. पूर्वी तिथे मांस साठवायचे. स्टुडिओचं नावही 'कोल्ड स्टोरेज'च.

पहिलं गाणं 'स्लीप' ही चक्क अंगाई आहे. चाल मऊ, आणि शब्द जाहिरातींतून उचललेले. सरकार आणि बाजार मिळून लोकांना कसं झोपवतात हे सांगायला यांनी आरडाओरडा केला नाही, जोजवून दाखवलं. मला तरी इतकं गोड आणि इतकं भीतीदायक गाणं दुसरं माहीत नाही. 'एस.पी.क्यू.आर.'मध्ये रोमन साम्राज्य आणि शाळेत घोकलेलं लॅटिन एकत्र येतं, आणि हेवर्डचे ड्रम्स श्वास घेऊ देत नाहीत. 'इंडिपेंडन्स'मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मजकूर गायलाय. अण्वस्त्रांच्या त्या वर्षांत ते शब्द ऐकताना टीका वेगळी करावीच लागत नाही. शेवटच्या तुकड्याचं नाव अणुबॉम्बमुळे होणाऱ्या आजारावरून आहे, आणि तिथवर गाणं असं फारसं उरलेलंच नसतं.

यांचं खरं वाद्य टेप. कापायची, जोडायची, लूप करायची म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा. 'मेकशिफ्ट स्वाहिली' संपत येतं तेव्हा आवाज एकाएकी फाटका, खरखरीत होतो. ऐकणाऱ्याला वाटतं स्पीकर गेला! आज लॅपटॉपवर हे कोणीही करेल. तेव्हा ब्लेडने टेप कापावी लागायची. आणि विल्यम्स बँडमध्ये आला तेव्हा त्याला रूढ अर्थाने कुठलंच वाद्य वाजवता येत नव्हतं. माझ्या मते म्हणूनच या अल्बममध्ये हात किती तयार आहे हे मिरवणं कुठेच नाही. बाकीचे दोघं तयारीचे वादक, तरी ते आवाजाच्या बाजूने उभे राहतात. हाच विल्यम्स नंतर भारतात कथकली शिकायला आला. २००१मध्ये तो कॅन्सरने गेला. बँड १९८२मध्येच संपला होता.

१९८१चाच, 'डिसीट' काढणाऱ्या रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीनेच काढलेला, द रेनकोट्स या बायकांच्या बँडचा 'ओडिशेप' हा अल्बमही असाच मागे पडलेला. या बायकांना पंक या रांगड्या, वेगवान रॉकच्या घाईतून बाहेर पडायचं होतं. गाणी आधी ड्रम्सशिवाय रचली गेली, ताल नंतर आला, त्यामुळे व्हायोलिन आणि गिटार आपापल्या चालीने भटकतात. पाहुण्या ड्रमर्समध्ये रॉबर्ट वायट आहे आणि आपला हेवर्डसुद्धा! शीर्षकगीत स्वतःच्या शरीराकडे खट्टू होऊन बघणाऱ्या मुलीचं आहे. १९८१च्या रॉकमध्ये हा विषय किती जणांनी घेतला होता?

'डिसीट' २०१६मध्ये पुन्हा निघाला, आता सहज ऐकायला मिळतो. शफल बंद ठेवा, 'स्लीप'पासून सुरू करा आणि मधे थांबू नका. 'ओडिशेप' दुसऱ्या दिवशी. ऐकून झाल्यावर न आवडल्याचं लिहिलंत तरी चालेल, पण कुठल्या गाण्याला थांबलात ते नक्की लिहा.