विडी, मशेरी आणि मेसेज

गणपतीला मालवणजवळच्या घरी गेलो की आरतीनंतर पडवीत वाद ठरलेला. यंदा विषय तंबाखूचा निघाला. वाडीतल्या मास्तरांनी सांगितलं, एक मिस्ड कॉल द्या, तंबाखू सोडवणारे सरकारी मेसेज मोबाइलवर यायला लागतील. काका विडीचा झुरका मारत म्हणाले, "माका दिवसाक धा मेसेज येतत, लोन घेवा म्हणान. त्येतूर ह्यो अकरावो. मेसेजान विडी सुटता काय रे?" पडवी हसली. कोणी म्हणालं, त्यापेक्षा बंदीच घाला. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे; पुडी कुठे मिळते हे विचारायची गरज कोणाला पडली नाही.

मी गप्प बसलो, कारण माझी सिगारेट मेसेजनेच सुटली होती. लंडनात, बसस्टॉपवर, पावसात. तलफ आली की तिथल्या मेसेज सेवेला एक शब्द पाठवायचा. लगेच उत्तर यायचं, चार-पाच मिनिटं कळ काढ, घोट घोट पाणी पी. तेवढ्यात बस यायची. उपदेश नव्हता, म्हणून वाचायचो. वाडीतली चौकशी, "सोडलंस मां? बघू किती दिस," ही वेगळी जात.

या मेसेजची ब्रिटनमध्ये रीतसर चाचणी झाली आहे. 5,800 धूम्रपान करणारे, निकाल 2011 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात. सुरुवातीचे पाच आठवडे रोज पाच मेसेज, नंतर आठवड्याला तीन. सहा महिन्यांनी, तपासणी करून, सुटलेले 10.7 टक्के, ज्यांना तंबाखूबद्दल अवाक्षर नसलेले मेसेज गेले त्यांच्यात 4.9. म्हणजे दुपटीहून जास्त. अर्थात दहातल्या नऊ जणांची सुटली नाहीच, काका तेवढे बरोबर.

पण ब्रिटनमधलं यश तसंच्या तसं महाराष्ट्रात नेऊन चालणार नाही. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आतच. तंबाखू चघळणारे, मळणारे, लावणारे चोवीस टक्क्यांच्या वर. आमच्याकडचा खरा प्रश्न चुन्याच्या डबीत आहे आणि मशेरीच्या डब्यात. काकी तव्यावर तंबाखू भाजते तेव्हा ठसक्याने अख्खं घर खोकतं. मग ती काळी पूड बोटावर घेऊन मागच्या दारी बसते, सकाळी एकदा, दुपारी भांडी घासून झाली की पुन्हा. तिच्यासाठी 'सिगारेट ओढावीशी वाटली तर' असं लिहून काय उपयोग? दुपारच्या त्या वेळी, तिच्या बोलीत, मशेरीचं नाव घेऊन मेसेज आला पाहिजे. नुसता टोल-फ्री नंबर तर काकांच्या विडीच्या बंडलावरही छापलेला असतो.

निघायच्या आदल्या दिवशी काकी विहिरीवर हळूच म्हणाली, "माझ्या नावान तो मिस्ड कॉल दी. पण मेसेज तुझ्या काकांच्या फोनार नको हां, ते वाडीभर वाचून दाखवतले."

घरात फोन दोनच. एक काकांचा. दुसरा माझा, त्यातला नंबर लंडनचा.