तीन नंबरवरचे काका

घरातलं इंटरनेट मंदावलं की चौकशी कंपनीची होत नाही, माझी होते. वायफाय नीट चालतं तोवर ते सगळ्या घराचं असतं. पडद्यावर ते चक्र फिरायला लागलं की तत्काळ माझ्या एकट्याच्या नावावर होतं. बायको विचारते, "काही केलंस का?" यात मी काहीतरी केल्यामुळेच बिघडलं, हा आरोपही असतो आणि काहीच करत नाही, ही तक्रारही.

अशा वेळी शहाणी माणसं राउटर बंद करून चालू करतात. त्यानं बऱ्याचदा फरक पडतोसुद्धा. चॅनलची, म्हणजे कोणत्या लहरींवर बोलायचं त्याची, निवड 'ऑटो'वर ठेवलेले पुष्कळसे राउटर चालू होताना एकदाच आजूबाजूचा कानोसा घेतात, त्यातल्या त्यात बरा चॅनल धरतात आणि मग तिथंच ठिय्या मारतात. पहाटे वीज जाऊन आली, तर पहाटेची सामसूम बघून केलेली निवड रात्री नऊच्या गर्दीतही कायम. मला हा कारभार मान्य नव्हता. चॅनल आपण हातानं निवडायचा, तोही अभ्यास करून, असं मी जाहीर केलं. घरातून कोणतीही प्रतिक्रिया आली नाही. कुणीच ऑनलाइन नव्हतं म्हणून असेल.

फोनवर वायफाय तपासणारं एक फुकट ॲप उतरवलं. उघडलं तर खाली १ ते १३ असे चॅनलांचे आकडे, वर एकावर एक चढलेल्या रंगीत कमानी आणि प्रत्येक कमानीच्या डोक्यावर नाव. 'विचारू_नका'. 'आता_तरी_चाल'. 'घर_नवीन_फायनल_२'. एकाच घराची चार नेटवर्कं, त्यातलं एक पाहुण्यांसाठी. त्या घरात पाहुणा गेलेला मी तरी कधी पाहिला नाही. शिवाय कुणाचा तरी प्रिंटर, जो काहीही छापत नसताना आपण हयात असल्याचं सगळ्या इमारतीला कळवत होता.

सिग्नलचा जोर उणे आकड्यांत दाखवतात. शून्याच्या जितकं जवळ तितका दणकट, उणे ९० म्हणजे जवळजवळ गेलाच. आमच्या बेडरूममध्ये आमचा स्वतःचा सिग्नल होता उणे ७१ आणि भिंतीपलीकडच्या काकांचा उणे ४८. या मापात दहाचा फरक म्हणजे दहापट, वीसचा म्हणजे शंभरपट. हिशेब केला. आमच्या बेडरूममध्ये आमच्यापेक्षा काका सुमारे दोनशेपट जास्त होते.

हे मी बायकोला कळवळून सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांचाच पासवर्ड घे ना."

शास्त्राची आवड नसलेल्या माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो, त्यामुळे इथं तुम्हालाच सांगतो. वायफाय ज्या लहरींवर चालतं त्यातला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे राउटरांना बसायचा एक लांब बाक आहे. त्याच्यावर पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरानं १ ते १३ आकडे रंगवलेत. बघणाऱ्याला वाटतं, वा, तेरा जण बसतील. पण बसणारा प्रत्येक जण किमान वीस मेगाहर्ट्झ रुंद! चार आकड्यांची जागा घेतल्याशिवाय त्याला टेकताच येत नाही. म्हणून एकमेकांना न खेटता ऐसपैस बसायचं तर तिघंच: १, ६ आणि ११. त्यातही राउटरच्या सेटिंगमध्ये कुणी 'चाळीस मेगाहर्ट्झ' निवडलं, तर तो गडी बाकावर चक्क आडवा होतो. १, ५, ९, १३ असे चौघं बसवता येतात, असं म्हणणारा एक पंथ आहे. गणित त्यांचं चुकत नाही. पण बाकीची इमारत १, ६, ११ वर आधीच मांडी घालून बसलेली असताना ९ वर येणारा हा सुधारक ६ आणि ११ या दोघांच्याही मांडीवर येतो. शिवाय अमेरिकेत साधारण ११ पर्यंतच वापर असल्यानं तिकडच्यासाठी बनवलेल्या काही उपकरणांना १३ वरचं नेटवर्क दिसतच नाही. जपानमध्ये जरा बाजूला १४ वा आकडाही आहे, पण तो फक्त जुन्या पद्धतीच्या वायफायसाठी. त्याचा विचार मी, नाइलाजानं, सोडून दिला.

याच बाकावर ब्लूटूथही असतं. ते सेकंदाला १६०० वेळा जागा बदलतं, त्यामुळे त्याला पकडून बोलायची सोय नाही. मायक्रोवेव्ह तर २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे ८ आणि ९ च्या मधोमध सुरू होतो आणि तो चालू असेपर्यंत जवळपासच्या वायफायची बोलती बंद करतो. मी घरात सुचवलं होतं की मीटिंग चालू असताना मायक्रोवेव्ह लावू नये. त्यावर मीटिंग चालू असताना घरात काय काय करू नये, याची एक मोठी यादी समोरून आली. मी तो विषय तिथंच मिटवला.

जाणकार आता म्हणतील, २.४ कशाला, ५ गिगाहर्ट्झवर जा की. गेलो. तिथं जागा खरोखर मुबलक आहे. पण भिंत आडवी आली की ५ चा जोर लवकर ओसरतो; हॉलमध्ये राजा, बेडरूममध्ये रंक. शिवाय तिथल्या मधल्या बऱ्याच चॅनलांवर पहिला हक्क रडारचा. त्यांतला एखादा निवडला की राउटर आधी किमान एक मिनिट नुसता कान देऊन बसतो. पुढं कधीही रडारची चाहूल लागली तर काही सेकंदांत गाशा गुंडाळायचा आणि अर्धा तास तिकडं फिरकायचं नाही, असा नियम. मी मोठ्या हौसेनं चॅनल १०० लावला. ऐन मॅच रंगात असताना टीव्ही थांबला.

"आता काय झालं?"

"रडार आलं असणार."

"कुठून?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, राउटरकडेही नसावं. कधीकधी त्याला नुसता भासही होतो. ५ गिगाहर्ट्झ मी निमूटपणे ३६ वर आणून ठेवला, जिथं रडारची भानगड नाही. टीव्हीला सरळ वायर लावली. जी वस्तू जागची हलत नाही तिला वायरच लावावी, हे माझं ठाम मत आहे आणि वायर वाईट दिसते, हे घरातल्या बहुमताचं.

राहिली बेडरूम. तिथं २.४ शिवाय गत्यंतर नव्हतं. आम्ही होतो १ वर. आणि काका होते तीनवर.

मी त्यांच्याकडे गेलो.

"काका, तुमचा राउटर तीन नंबरवर आहे."

"हो, मीच ठेवलाय." काकांचा चेहरा उजळला. "एकवर गर्दी, सहावर गर्दी. तीनवर कुणीच नव्हतं, एकदम मोकळं!"

तीन मोकळा दिसतो, कारण बाकावर कुणाचं तरी मांडी पसरायचं ठिकाण मोकळंच दिसतं. इथं वायफायची एक शिस्त समजून घ्यावी लागते. या यंत्रांना बोलण्याआधी ऐकायची सक्ती आहे. त्याच चॅनलवर दुसरं कुणी बोलत असेल तर थांबायचं, ते संपल्यावर आणखी जरा गप्प राहायचं आणि मग तोंड उघडायचं. एका चॅनलवर सहा राउटर असले तरी ते असे पाळीपाळीनं बोलतात. कामं हळू होतात, पण होतात. पलीकडचं बोलणं उणे ८२ इतकं क्षीण असलं, तरी ते वायफायचं आहे एवढं कळलं की राउटर अदबीनं थांबतो. शेजारच्या चॅनलवरून अर्धवट सांडलेलं बोलणं मात्र त्याच्या लेखी निव्वळ गोंगाट. आणि गोंगाट उणे ६२ पर्यंत, म्हणजे त्याच्या शंभरपट, चढल्याशिवाय त्याला थांबायचं बंधन नाही. तोवर तो रेटून बोलतो, शब्द वाया जातात, पुन्हा तेच बोलतो, पलीकडचाही पुन्हा तेच बोलतो. आपल्या चॅनलवर चार शेजारी परवडले, दोन चॅनलांच्या मधे बसलेला एक परवडत नाही.

हे सगळं मी काकांना कागदावर कमानी काढून दाखवलं. काका चष्मा लावून बघत होते.

"म्हणजे माझ्यामुळे एकवाले आणि सहावाले, दोघांनाही त्रास होतोय?"

"हो."

"सहावर तो वरच्या मजल्यावरचा ना? रात्री बारा वाजता फर्निचर सरकवतो तो?"

"तोच."

काकांनी कागद खाली ठेवला. शास्त्र त्यांना पूर्ण पटलं होतं, पण तीन सोडायची त्यांची इच्छा त्याच क्षणी संपली होती. मग मी दुसरी बाजू मांडली: वरच्यामुळे तुमचाही स्पीड पडतोय. यावर काका उठून बसले. "माझा? त्याच्यामुळे?" दहा मिनिटांत त्यांनी राउटरचं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं.

आता त्यांना बसवायचं कुठं? ॲपनं ११ ला भरघोस तारे दिले होते, कारण तिथं एकच बुटकी कमान होती. पण कमानीची उंची म्हणजे तो किती जवळ आहे, एवढंच. किती बडबडतो ते त्यातून कळत नाही. तो प्रिंटर कमानीला उंच, पण सेकंदाला दहाएक वेळा 'मी आहे' म्हणण्यापलीकडे त्याचं म्हणणं नसतं. ११ वरचा बुटका मात्र संध्याकाळ झाली की काय उतरवत बसायचा देव जाणे. रात्री तिथं स्पीड तपासला तर काटा हलेना. एरवी काकांचा वापर म्हणजे सकाळी बातम्या आणि दुपारी एक मालिका. असा शेजारी सोन्यासारखा.

"काका, तुम्ही आमच्या एकवर या."

"तुमच्यावर? अडचण नाही ना होणार?" काकांचा आवाज भरून आला होता.

घरी येऊन सांगितलं. बायको म्हणाली, "पासवर्ड आणायला सांगितलं होतं. तू त्यांना चॅनल देऊन आलास?"

बेडरूममधलं चक्र त्या रात्रीपासून फिरायचं थांबलं, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. ते एक असो. पण काकांनी तेच ॲप स्वतःच्या फोनवर घेतलंय. परवा रात्री साडेदहाला बेल वाजली. दारात काका, हातात फोन, चष्मा कपाळावर.

"अरे, आपल्या एकवर कुणीतरी नवीन प्रिंटर आणून बसवलाय," ते दबक्या आवाजात म्हणाले. "तू बोलतोस की मी बोलू?"