एक पाटा वाढवला की गाडी नवी होते म्हणे!

"ॲम्बेसेडर मागून बसली? नवे पाटे घेऊ नका. एक जादा पाटा टाका, नाहीतर जुन्यांना भट्टीत कमान मारून घ्या. एकच बाजू बसली असेल तर तेवढीच करा. गाडी नव्यासारखी!" नागपुरातल्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. मला तीनदा आला, त्यात एकदा मेव्हण्याकडून, ज्याच्याकडे साधी स्कूटरही नाही.

आधी जादा पाटा. पाटे म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या बाक दिलेल्या पोलादी पट्ट्या; एकावर एक बांधल्या की त्यांची जुडी होते. पाटा म्हातारा होतो तेव्हा त्याची कमान, म्हणजे बाक, उतरते, कडकपणा नाही. शंभर किलो ठेवले की जुनी जुडीही साधारण नव्याइतकीच दबते, फक्त मुळातच खालून सुरुवात करते. म्हणजे दुखणं उंचीचं आणि औषध कडकपणाचं. पाच पाट्यांत तसाच सहावा घातला तर कडकपणा ढोबळमानाने २० टक्के वाढेल. पण मिस्त्री तसाच थोडी घालतो? भंगारातल्या जीपचा जाडजूड घालतो. आणि जाडीचा हिशोब घनाचा आहे: तेवढ्याच लांबी-रुंदीचा ६ ऐवजी ८ मिलिमीटरचा पाटा जवळजवळ २.४ पट कडक असतो. म्हणून नवी जुडी घेतानाही नुसते पाटे मोजून भागत नाही. प्रत्येकाची जाडी, रुंदी, मेन पाट्याची डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची (टोकाच्या एका गोल वळीपासून दुसरीपर्यंतची) लांबी आणि सगळे पाटे मधून बांधणारा सेंटर बोल्ट नेमका कुठे येतो, हे सगळं जुन्याशी पडताळा.

हा जादा पाट्याचा शहाणपणा मी स्वतः करून बसलोय. माझी मार्क फोर ॲम्बेसेडर मागून झकास उचलली गेली. मग वर्धा रोडच्या सिमेंटवर दोघंच निघालो, तर प्रत्येक सांध्यावर मागचा भाग टणाटण उडायला लागला. पहिल्या पावसात वळणावर शेपूट सुटली तेव्हा बायकोने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आता भट्टी. इथे मेसेज निम्मा खरा आहे. स्प्रिंगचं पोलाद साधारण ८५० अंश सेल्सिअसला तापवून तेलात बुडवतात आणि मग पुन्हा ४०० ते ५०० अंशांवर शेकतात. हे दुसरं शेकणं चुकलं की पाटा ठिसूळ राहतो नाहीतर मऊ पडतो. वाडीकडे ट्रकचे पाटे करणाऱ्यांत हे काम जाणणारे कारागीर भेटतात. भट्टीचं तापमान मोजता का, एवढं विचारा, उत्तरावरून माणूस कळतो. नुसता लाल करून ठोकलेला पाटा, किंवा थंडच ठोकून काढलेली कमान, लवकरच पुन्हा बसते.

एकच बाजू बदलणं? नाही. एक ताजी आणि एक थकलेली जुडी म्हणजे गाडी कायमची वाकडी. पण त्याआधी दोष मागचाच आहे का ते बघा, भाऊ. ॲम्बेसेडरला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया, असतात; त्यातला एक ढिला पडला तरी गाडी मागून कललेली दिसते. सपाट जागेवर पुढची बाजू मधोमध जॅकवर घ्या. मागचा झुकाव गेला, तर पाट्यांना उगाच बदनाम करू नका. राहिला, तर शॅकलचे (पाट्याचं टोक धरणाऱ्या झुलत्या कडीचे) रबरी बुश आणि पाटा जिथे बॉडीला अडकतो तिथला गंजही तपासा, कारण सडलेल्या पत्र्यावर नवे पाटे लावून काय उपयोग!

आणि जे मेसेजमध्ये नाहीच: पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे घ्या, जुने ताणलेले असतात. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. मग रामटेकला जाऊन या, शंभरेक किलोमीटर होतात, आणि घरी येऊन यू-बोल्ट पुन्हा एकदा पाना लावून बघा. थोडे तरी फिरतातच.