खंड्याची फांदी

पक्षी बघायचे तर पक्ष्यांच्या आधी उठावं लागतं, ही या छंदातली पहिली खोट. साडेचारच्या गजराला उठलो, चिखलाच्या रंगाचा शर्ट चढवला (भडक कपडे पाखरांना खपत नाहीत म्हणे) आणि 600 मिलिमीटरची लेन्स खांद्याला अडकवून पाणथळीवर पोचलो. अर्ध्या तासात शर्ट कुठे संपतो आणि चिखल कुठे सुरू होतो, ते माझं मलाही सांगता येईना.

आमच्या काकांना नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखता येतो. मला समोर बसलेलाही येत नाही. काठाच्या गाळात एक तपकिरी पाखरू चोच खुपसत हिंडत होतं.

"काका, हा कोण?"

"तुतवार. हिरवा असेल, नाहीतर ठिपकेवाला. उडाला की पंखाखाली बघ. काळपट दिसलं तर हिरवा, फिकट दिसलं तर ठिपकेवाला."

"म्हणजे ओळखायचा तर आधी घालवायचा?"

काकांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढलीसुद्धा नाही. हिरव्या तुतवारात पायांच्या हिरवट छटेपलीकडे हिरवं काही नसतं, हे नंतर कळलं. नाव ठेवणाराही साडेचारलाच उठलेला असणार.

मला हवा होता छोटा खंड्या, तोही सूर मारताना. काकांनी पाण्यावर वाकलेली एक वाळकी फांदी दाखवली. "फिरून फिरून तिथेच येतो. मासा आपटतो तोही त्याच फांदीवर." पाण्याच्या पातळीवरून फोटो झकास येतो, असं ऐकून होतो. शटर 1/2000 सेकंदावर ठेवलं आणि गाळात पालथा पडलो. फांदी, फांदीमागे चिखलाचं एक ढेकूळ, आणि हळूहळू पोटाखाली शिरणारं गार पाणी. उजेड तपासायला अधूनमधून बटण दाबत होतो, तेवढीच हालचाल.

पाऊण तासाने खंड्या आला. मी श्वास रोखला. आणि नेमकं टिटवीने मला पाहिलं.

टिटवी म्हणजे पाणथळीची बिनपगारी रखवालदार. 'टिटीटिव, टिटीटिव' करत तिने डोक्यावर अशा घिरट्या घातल्या की मी तिची अंडीच खिशात घातली असावीत. शेकाटे लांबलचक गुलाबी पाय मागे सोडून उडाले, टिबुकलीने बुडी मारली, खंड्या गेला. माझं बोट बटणावर तसंच दाबलेलं.

घरी येऊन 214 फोटो पाहिले. फांदी सगळ्यांत धूसर. एका कोपऱ्यात निळा ओरखडा, तो खंड्या. ऑटोफोकसने मागचं ढेकूळ मात्र लख्ख पकडलेलं. मोठं करून पाहिलं, तर ढेकळाला पिवळा डोळा! वंचक, म्हणजे चिखलाच्या रंगाचा बगळा. पाऊण तास माझ्या डोळ्यांदेखत उभा होता. त्रेपन्नाव्या फोटोत त्याच्या चोचीत मासा, चोपन्नाव्यात मासा पोटात. शेवटच्या फोटोत तर ढेकळाला पांढरेशुभ्र पंख फुटलेले.

मासेवाला फोटो काकांना पाठवला. लगेच उत्तर आलं, "वा! वंचक इतका सुरेख! किती वेळ दबा धरून होतास रे?"

"पाऊण तास," मी लिहिलं.