उड्डाणपूल पुष्कळ झाले, आता बसला वाट द्या

मुंबईत नवा रस्ता खुला झाला की किती मिनिटे वाचणार याचीच चर्चा होते. ती मिनिटे कुणाची वाचणार, हे फारसे कुणी विचारत नाही. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू आणि मार्चमध्ये सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला. या तिन्हींवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. ज्याच्या दारात मोटार नाही, त्याला हे रस्ते वापरायचे तर टॅक्सी परवडली पाहिजे, नाहीतर बस मिळाली पाहिजे.

आणि नेमक्या बसच कमी होत गेल्या. १५ जुलै १९२६ रोजी सुरू झालेल्या ‘बेस्ट’ या मुंबईच्या बससेवेचा ताफा एके काळी चार हजारांच्या वर होता. आज बेस्टकडे तीन हजारही बस नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेक भाडेतत्त्वावरच्या आहेत. मे २०२५ मध्ये साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. वेळेवर बस येणार असेल तर ही वाढही लोक सोसतील, असे मला वाटते. अर्धा तास तिष्ठत उभे राहून दुप्पट पैसे मोजणे मात्र जिवावर येते.

अंधेरीत मी ज्या थांब्यावर उभी असते, तिथे पदपथाला लागून मोटारी उभ्या केलेल्या असतात. त्यामुळे बस भर रस्त्यात थांबते आणि माणसे दोन मोटारींच्या फटीतून धावत सुटतात. गुडघे धरून चालणाऱ्या आजी, पाठीवर दप्तर घेतलेली मुले. तेवढ्यात डावीकडून एखादी मोटारसायकल सुसाट घुसते. चढण्या-उतरण्यातच सिग्नल जातो आणि मागच्या गाड्या बसच्या नावाने भोंगे वाजवू लागतात.

वास्तविक एका बसच्या लांबीत जेमतेम तीन मोटारी मावतात. त्या तीन मोटारींत बहुतेकदा चार-पाच माणसे असतात, तर बसमध्ये पन्नास. तरीही बससाठी स्वतंत्र मार्गिका मागितली की ‘रस्ता आधीच अपुरा आहे’ असे उत्तर मिळते. रस्ता अपुरा आहे, म्हणूनच तो आधी जास्त माणसे नेणाऱ्या वाहनाला मिळायला हवा. मेट्रोचे जाळे वाढते आहे याचा मला मनापासून आनंद आहे. पण घरापासून स्थानकापर्यंत पोहोचायलाही बसच लागते.

पश्चिम द्रुतगती महामार्गावर निदान सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी एक मार्गिका बससाठी राखून ठेवावी. त्याआधी, उद्यापासूनच, प्रत्येक थांब्यासमोरच्या मोटारी हटवाव्यात. त्यासाठी निविदा काढावी लागत नाही, वाहतूक पोलिसांना आजही तो अधिकार आहे.