पोरांना विचारायला जागा द्या

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये, एनएसएस, एनसीसी आणि खेळांच्या जोडीला योग आणि आरोग्यही आलं. कोल्हापुरात आमच्या घरात आणि नात्यात कॉलेजला जाणारी बरीच पोरं आहेत, त्यामुळे त्यावरचा वाद फोनवरून इथं इंग्लंडात, लीड्सपर्यंत पोचतो. दादा म्हणतो, आरोग्य घरात शिकवलं जातं, त्यासाठी पोरांचा वेळ खाऊ नका. वहिनी म्हणते, शिकवा की, पण योग आणि आहार शिकवा, 'बाकीचं' नको. भाचीचं म्हणणं वेगळंच: "आत्या, नोट्स मिळाल्यात. पाठ करायचं, लिहायचं, संपलं."

मी इथल्या विद्यापीठात शिकवते. तिघांचं ऐकल्यावर मला वाटतं, वाद विषयांच्या यादीवर चाललाय आणि अडलंय दुसरीकडेच. वीस वर्षांच्या पोराला आपल्या शरीराबद्दल काही विचारायचं झालं तर ते कुणाकडे जाणार, हे कुणीच बोलत नाही.

इथं सप्टेंबरात नवीन मुलं आली की सगळ्यांत आधी त्यांना जवळच्या सरकारी डॉक्टरकडे नाव नोंदवायला सांगतात. हॉस्टेलात एकत्र राहणाऱ्यांत मेंदूज्वर झपाट्याने पसरतो, म्हणून 2015 पासून त्याची लस या वयाच्या मुलांना मोफत मिळते. लैंगिक आरोग्याच्या क्लिनिकमध्ये मुलगी एकटी गेली तर 'सोबत कोण आलंय' असं कुणी विचारत नाही. तिथलं बोलणं आईवडिलांच्या कानावर जात नाही.

वाद इथंही होतात, आणि जोरात होतात. 2019 साली बर्मिंगहॅममध्ये पालक नातेसंबंधांच्या धड्यांविरुद्ध प्राथमिक शाळेच्या दारात निदर्शनं करत होते. तरी सप्टेंबर 2020 पासून इंग्लंडच्या माध्यमिक शाळांत नातेसंबंध आणि लैंगिक शिक्षण सक्तीचं झालं, आणि वाद सुरू होता म्हणून क्लिनिकं काही बंद पडली नाहीत. आपल्याकडे 2007 साली महाराष्ट्र सरकारने शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रमच थांबवला. तेव्हा आठवी-नववीत असलेली मुलं आज तिशी ओलांडून आईबाप झालीत. त्यांना जे कुणी सांगितलं नाही ते ती आपल्या लेकरांना घरात शिकवतील, ही दादाची अपेक्षा मला पटत नाही.

पण इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं, असं माझं मुळीच म्हणणं नाही. पहिल्याच आठवड्यात दारू पिऊन कोसळणारी मुलं मी दरवर्षी बघते. खोलीत तापाने फणफणलेल्या मुलाची शेजारच्या खोलीतल्याला खबर नसते. मन खचलेल्याला समुपदेशनासाठी आठवडे थांबावं लागतं. आरोग्य म्हणजे माझं शरीर, माझी गोळी, माझी अपॉइंटमेंट. शेजाऱ्याच्या आरोग्याशी आपला काही संबंध आहे, हे इथल्या मुलांना मुद्दाम शिकवावं लागतं.

कोल्हापूरला ते शिकवायची गरज नाही. ऑगस्ट 2019 मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, आंबेवाडी आणि चिखली बुडाली, तेव्हा तालमींची आणि मंडळांची पोरं छातीभर पाण्यात उतरली. कुणी म्हाताऱ्यांना बाहेर काढलं, कुणी जेवणाची पाकिटं पोचवली. 2021 ला पुन्हा तेच. ही ताकद मला इथं कुठं दिसत नाही. पण त्यातली किती पोरं पायाला जखम असताना त्या पाण्यात उतरली असतील! उंदराच्या आणि जनावरांच्या लघवीतून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू पुराच्या पाण्यात मिसळतात आणि जखमेतून अंगात शिरतात. धोका मोठा असेल तर डॉक्टर आधीच डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविक गोळी देतात. पाण्यात राबून आल्यावर ताप आला आणि पोटऱ्या दुखायला लागल्या, तर अंगावर काढायचं नसतं. मदतीला धावणाऱ्या प्रत्येक पोराला हे पाऊस सुरू व्हायच्या आत माहीत असायला हवं.

पंचगंगा नदीचंही तसंच. शहराचं सांडपाणी आणणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी तिच्यात जातं हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. 2012 साली त्याच नदीकाठच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर लागलं की पोरं रस्ता झाडतात, झाडं लावतात. चांगलंच आहे ते. पण त्या सात दिवसांत गावच्या जलसुरक्षकाबरोबर फिरून त्यांनी नळानळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, केली तर? नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडलेली नाही. मग ती का पडली नाही, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारायचं. माझ्या मते आरोग्याचे क्रेडिट यावर द्यावेत, पाठांतरावर नव्हे.

म्हणजे समाजाच्या आरोग्यात कोल्हापूरची पोरं पुढे आहेत, त्यांना फक्त माहितीची जोड हवी. अडचण आहे ती स्वतःच्या आरोग्याची, कारण जिथं सगळे एकमेकांना ओळखतात तिथं एकांत मिळत नाही. मेडिकलवाला वडिलांचा मित्र, डॉक्टर मामांच्या ओळखीचे. पोरगं जिममध्ये मिळालेली पावडर आणि इंजेक्शनं घेतं. पूर्वी वस्ताद काय खायचं, किती खायचं यावर डोळा ठेवून असायचा, आता विकणाराच सल्ला देतो. तंबाखूचा मावा तर कट्ट्यावर हातोहात फिरतो. राधानगरी, कागलकडून सकाळच्या एसटीने येणारी मुलगी चहावर निघते. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, तरी तिची चक्कर 'नाजूक आहे' म्हणून सोडून दिली जाते. जेवणाला लागून चहा घेतला तर लोह नीट शोषलं जात नाही, एवढी साधी गोष्टही तिला कुणी सांगत नाही.

आणि वहिनीचं ते 'बाकीचं'. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलीला गर्भपातासाठी कायद्याने आईवडिलांची किंवा नवऱ्याची संमती लागत नाही, तिची स्वतःची पुरते. हे ठाऊक नसलेली मुलगी घाबरून दुकानातून गोळ्या आणून गुपचूप खाते आणि रक्तस्राव थांबेना झाला की मग घरी सांगते. वहिनी, ज्याची तुम्हाला भीती वाटते ते तास घेतला नाही म्हणून टळत नाही.

विचारायला जागा अजिबात नाही असंही नाही. सरकारी रुग्णालयांत एकोणीस वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतात. एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त होते. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत, रात्रीसुद्धा बोलता येतं. पण भाचीच्या नोट्समध्ये यातलं एकही नाव नाही. मी तिला पानं पाठवायला सांगून बघितली.

कॉलेजांनी आठवड्यातून एक दुपार बाहेरगावची एक डॉक्टरीणबाई बोलवावी, जिची गावात कुणाशी सोयरीक नाही. दार लावता येईल अशी एक खोली द्यावी आणि येणाऱ्याचं नाव लिहून घेऊ नये. मुलांसाठी वेगळ्या दुपारी एखादे डॉक्टर. परीक्षा नको, हजेरी नको. खर्चाचा प्रश्न दादाने काढलाच. त्याच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांपैकी निम्मे आज पुण्यात नाहीतर परदेशात आहेत. त्यांच्याकडे मागा. माझ्यापासून सुरुवात करा.